आगोट

गेल्या वर्षी एप्रिलअखेर परीक्षेचा शेवटचा पेपर झाला आणि वसतिगृहातल्या खोलीत आम्ही चौघे सामानाची बांधाबांध करीत बसलो होतो. सुट्टीत कोण काय करणार याच्या गप्पा रंगल्या होत्या. एक जण महाबळेश्वरला जाणार होता. दुसरा मामाकडे नागपूरला निघाला होता (मे महिन्यात नागपूर! त्याच्या मामाप्रेमाचं मला कौतुक वाटलं). तिसऱ्याने कसलासा संगणकाचा वर्ग लावला होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी घर शाकारायला जाणार."

तिघेही माझ्याकडे पाहतच राहिले. मग नागपूरवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "शाकारायला? म्हणजे घर शाकाहारी करायला?"

खोलीत हास्याचा स्फोट झाला. मीही हसलो. पण रात्री एस्टीत खिडकीशी बसलो आणि मनात आलं, जो शब्द आमच्या गावात पोर रांगायच्या आधी ऐकतं, तो घाट चढून आलं की समजावून सांगावा लागतो. आणि तो नीट समजावून सांगायचा म्हटलं, तर मला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. घरीसुद्धा नाही. वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवलं, आता सांगून टाकावी.

माझं गाव श्रीवर्धन तालुक्यात, अगदी समुद्रकाठी. पश्चिमेला पुळण आणि सुरूची झाडं, पूर्वेला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडीत घर, घरामागे विहीर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं सगळं पाणी अंगणात साचून राहिलं असतं, तर उभ्या माणसाच्या डोक्यावर एक लहान पोर उभं केलं तरी दोघेही बुडाले असते. बर्फाच्या मुलखातली माणसं हिवाळ्यासाठी जशी आधीपासून बेगमी करतात, तशी आमच्याकडे या पावसासाठी वैशाखातच सुरुवात होते. तिला आम्ही आगोट म्हणतो.

आगोट म्हणजे काय नाही! तांदूळ कणगीत जातात. पांढऱ्या कांद्याच्या माळा माळ्यावर टांगल्या जातात. मिठाची मडकी भरतात, चिंच गोळे करून ठेवतात, आमसुलं वाळतात. पापड, कुरडया, फणसाची साठं यांच्यावर राखणीला आम्हां पोरांना बसवतात आणि मग राखणदारच निम्मा माल फस्त करतात. खाली कोळीवाड्यात सुके बोंबील, जवळा, सोडे यांचा वास दोन महिने दरवळतो. आता घरोघरी गॅस आला, तरी न्हाणीघरातल्या चुलीसाठी लाकडं फोडून पडवीत रचावी लागतात. गोवऱ्यांवर झाकण घालावं लागतं. माडाच्या चुडतांची झापं विणून ती पश्चिमेच्या भिंतीला बांधावी लागतात, कारण पावसाची झड तिकडून येते. आणि या सगळ्याच्या वर, अगदी अक्षरशः वर, घराची शाकारणी.

शाकारणी म्हणजे छपरावरची कौलं उतरवायची, वासे-रिपा वाळवीसाठी तपासायच्या, शेवाळ खरवडायचं, फुटकी कौलं बाजूला काढायची आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत एकेक ओळ पुन्हा लावीत जायची. आमच्या घरावर अडीच हजारांवर मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्याकडे आली. कौल एकमेकांत अडकून बसतं, पण खिळ्याने ठोकलेलं नसतं. वजनावर बसतं. म्हणून ते काढता येतं, घालता येतं, एक फुटलं तर एकच बदलता येतं.

लहानपणी मला या साऱ्याचा कंटाळा होता. मुंबईची भावंडं सुट्टीला येत, समुद्रात डुंबत, आणि मी मात्र शिडीखाली उभा राहून कौलं वर देत असे. तरी माझं काम तेवढंच होतं. छपरावर चढायचे ते डोंगरापलीकडच्या वाडीतून येणारे दोन गडी. आजोबा अंगणात काठी घेऊन उभे राहत आणि काठीच्या टोकाने, "त्या तिसऱ्या ओळीत, डावीकडचं," असं दाखवीत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

मग २०२० साल आलं.

त्या वर्षी मी दहावीला होतो. सगळे पेपर झाले होते, फक्त २३ मार्चचा भूगोलाचा पेपर राहिला होता. तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. भूगोल माझा कच्चा विषय. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने मिळणार हे कळलं तेव्हा मी अंगणात उडी मारली होती. टाळेबंदीचं मला तेव्हा एवढंच सुख होतं. वडील मुंबईत अत्यावश्यक सेवेतल्या नोकरीत, त्यामुळे ते तिकडेच अडकले. घरात आजी-आजोबा, आई, धाकटी बहीण आणि मी. वैशाख लागला तसे आजोबा अस्वस्थ झाले. गडी येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या गावाने वेशीवर झाडाच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला होता. आजोबा तेव्हा शहात्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले.

एका सकाळी चहा पिताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वर चढशील का रे?"

अकरा दिवस मी छपरावर होतो. आजोबा खालून शिकवीत होते. "पाय कौलाच्या पोटावर नको देऊ. सांध्यावर दे. खाली रीप आहे." "अंगात घाई नको. कौलाला घाई कळते." पहिल्या दिवशी मी चौदा कौलं फोडली. दुसऱ्या दिवशी पाच. आठव्या दिवशी एकही नाही. आजी खालून सारखी, "पोराला उतरवा हो, ऊन किती आहे," म्हणत होती आणि आई ताकाचा तांब्या शिडीवरून वर देत होती. शेवटच्या दिवशी आढ्यावरचे कोने बसवले आणि मी वर ताठ उभा राहिलो. एका बाजूला माडांच्या शेंड्यांवरून समुद्राची रेघ, दुसऱ्या बाजूला डोंगर. आपण हे घर पुरं केलं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी थोडा माजलो.

राहिला होता फक्त गोठा. गोठा घराच्या उत्तरेला. त्यावरही पूर्वी कौलंच होती, पण दोन वर्षांपूर्वी वडिलांनी पत्रे घातले होते. दरवर्षीची कटकट नको, हा त्यांचा मुद्दा. आजोबांना तो पटला नव्हता. "कौल फुटतं तेव्हा एक फुटतं. पत्रा गेला की छप्पर जातं," असं ते म्हणाले होते, पण मुलाच्या पैशाचं काम, म्हणून गप्प बसले. त्यांनी स्वतः एक केलं होतं. एका पत्र्याला भोक होतं, त्यावर डांबराचं हातभर ठिगळ लावलं होतं.

२० मेच्या सुमाराला दूरदर्शन संचावर अम्फान वादळाची दृश्यं दिसत होती. बंगालमध्ये झाडं उन्मळून पडत होती, पत्रे उडत होते. आम्ही जेवता जेवता पाहत होतो. बंगाल कुठे, आम्ही कुठे! पण दुसऱ्या दिवशी आजोबांनी तालुक्याच्या गावाहून जाड तारेचं एक मोठं भेंडोळं मागवलं आणि माझ्या हाती पक्कड दिली. "गोठ्याचे पत्रे तारेने आवळून घे. आकड्यांवर भरवसा नको. तार लगीखालून घालून वर पीळ दे. आणि चारी बाजू बांध."

"चारी कशाला? वारा समुद्रावरून येतो," मी म्हणालो.

"वारा काय तुला विचारून येणार आहे?"

पश्चिमेची बाजू मी मन लावून बांधली. तीच खरी पावसाळी बाजू. दक्षिण आणि उत्तरही झाली. पूर्वेला गोठ्याला लागून करवंदीची जाळी आहे. तिथे शिरलो तर काटे ओरबाडत होते आणि ओंबिलांनी मानेवर हल्ला केला. संध्याकाळ होत आली होती. मित्र फोनवर कसल्याशा खेळासाठी वाट पाहत होते. मी मनाशी विचार केला: पूर्वेला डोंगर. त्या बाजूने कधी वारा आलाय? माझ्या आठवणीत तरी नाही. उरलेलं भेंडोळं मी पडवीतल्या कणगीमागे सरकवलं आणि हात धुतले.

"झालं का रे?" आजोबांनी ओटीवरून विचारलं.

"झालं."

"चारी बाजू?"

"हो."

एवढाच संवाद. मला त्यात काही मोठं पाप केलं असंही वाटलं नाही. आपण रोज असली शंभर 'हो' म्हणत असतो.

१ जूनला बातमी आली की अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे. २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं 'निसर्ग'. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. मृग लागायला चार-पाच दिवस होते. ग्रामपंचायतीची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली. कोळीवाड्यातली कच्च्या घरांतली माणसं शाळेत गेली, होड्या वर ओढल्या गेल्या.

त्या दिवशी आजोबांनी जी तयारी करवून घेतली ती मी कधीही विसरणार नाही. अंगणातली झाडून सगळी सुटी वस्तू आत आली: बादल्या, फळ्या, वाळवणाच्या खाटा, कुंडीसुद्धा. घरावर वाकलेल्या माडाचे तयार नारळ उतरवून घेतले. कोयता, कुऱ्हाड आणि दोर माजघरात ठेवला. "बाहेर राहिला तर उद्या दारावर झाड पडल्यावर तो घ्यायला जाणार कसा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठे मला त्यातली मेख कळली. पिंप, कळश्या, पातेली पाण्याने भरली. सातबारा, बँकेची पुस्तकं, माझं दहावीचं ओळखपत्र हे सगळं प्लास्टिकात गुंडाळून डब्यात गेलं. गुरं गोठ्यातून सोडून पडवीत बांधली. आणि मला पाठवलं शेजारच्या काकींना आणायला.

काकींचं घर आमच्या गोठ्यापलीकडे, कुंपण ओलांडलं की लगेच. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मुंबईला. त्या एकट्या राहत. मला म्हणाल्या, "मी माझ्या चुलीशी बरी. किती पावसाळे पाहिले!" रात्री काही आल्या नाहीत. सकाळी आठाला आजी स्वतः पदर खोचून गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली.

३ जूनला सकाळी दहानंतर वारा वाढू लागला. पाऊस होताच. आम्ही सगळे माजघरात. आजी आणि काकी शेजारी बसून रामरक्षा म्हणत होत्या. मला पहिल्यांदा जाणवलं ते हे की आवाज भलत्याच बाजूने येतोय. पश्चिमेच्या झापांकडे तुलनेने शांत होतं आणि मागचं दार, डोंगराकडचं, कुणी खांदा देऊन ढकलावं तसं हादरत होतं.

आजोबा उठून उभे राहिले. "वारा आग्नेयेचा आहे," ते म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. मी उत्तरेच्या खिडकीच्या फटीला डोळा लावला. गोठ्याच्या पूर्वेचा कडेचा पत्रा उचलला जात होता, खाली बसत होता, पुन्हा उचलला जात होता. आकडे एकेक करून सुटत होते. त्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता, इतका वाऱ्याचा घोंगाट होता. मग तो पत्रा उभा राहिला. बारा फुटी पत्रा ताठ उभा राहिलेला पाहणं भयंकर असतं. दुसऱ्या क्षणी तो कुंपणावरून गेला. त्याच्यामागोमाग आणखी दोन गेले. ते कुठे पडले ते दिसलं नाही.

पुढचे तीन तास काय झालं ते सांगता येईल असं नाही. पोफळी वाकत वाकत शेंडा जमिनीला टेकेपर्यंत जात आणि मग काडी मोडावी तशा मोडत. आमच्या पुऱ्या अंगभर कौलांचा खडखडाट होत होता; ओळीच्या ओळी उचलल्या जात होत्या आणि माजघरात आकाश दिसू लागलं होतं. दुपारी वारा फिरला आणि समुद्राकडून येऊ लागला. हवामान खात्याने नंतर सांगितलं की वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२० पर्यंत. आकडे वाचले की सगळं कसं आटोपशीर वाटतं.

तीनच्या पुढे निवळलं. आम्ही दार उघडून ओटीवर आलो आणि सगळेच थबकलो. अंगणात ऊन नव्हतं, तरी उजेड फार होता. नको तितका. आणि समोर समुद्र दिसत होता. आमच्या ओटीवरून समुद्र कधीच दिसला नव्हता. मध्ये वाडी होती. आता नव्हती.

बारा गुंठ्यांत दीडशेच्या घरात पोफळी आणि बावीस माड होते. आजोबांनी काठीने मोजत मोजत फेरी मारली. एकतीस पोफळी, चौदा माड. ते काहीच बोलले नाहीत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण पोफळ लावल्यापासून फळाला यायला पाच-सात वर्षं जातात, आणि तशी एकेक पोफळ त्यांनी हाताने लावलेली होती.

तेवढ्यात आजीचा आवाज आला. ती आणि काकी कुंपणापलीकडे उभ्या होत्या.

काकींच्या स्वयंपाकघराच्या छपरात आमचा पत्रा उभा रुतला होता. डांबराचं ठिगळ वरच्या अंगाला, लांबूनही ओळखू येत होतं. आम्ही आत गेलो. पत्र्याचं खालचं टोक चुलीवर होतं. चुलीपुढचा पाट दुभंगला होता. काकी रोज ज्या पाटावर बसत तो. फुटलेल्या कौलांतून पाऊस आत आला होता. तांदळाच्या डब्याचं झाकण उडून तांदूळ भिजले होते, मीठ वाहून गेलं होतं, आणि महिनाभर एकटीने लाटलेले पापड लगदा होऊन फडताळात चिकटले होते. वर्षाची आगोट एका दुपारी संपली होती.

काकींनी इकडेतिकडे पाहिलं. "भांडी वाचली बाई," त्या आजीला म्हणाल्या. मग पापडांकडे पाहून, "आता पुन्हा उन्हं कुठली?" थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हसल्या. "तुमचा पत्रा पाहुणा आला रे माझ्याकडे. मी घरी नव्हते म्हणून बरं."

मी तिथून बाहेर आलो आणि विहिरीमागे जाऊन ओकलो. सगळ्यांना वाटलं, भीतीने.

सगळं गाव म्हणत होतं, वादळच तसं होतं. खरंही होतं. ज्यांनी चारी बाजू बांधल्या होत्या त्यांचेही काही पत्रे गेले होते. म्हणजे मी तार बांधली असती तरी तो पत्रा राहिलाच असता असं छातीठोक सांगता येत नाही. हा युक्तिवाद मी गेली कित्येक वर्षं स्वतःपुढे मांडत आलो आहे. पण आमच्याच गोठ्याच्या पश्चिमेचे, मी बांधलेले पत्रे दुपारी समुद्राच्या वाऱ्यातही जागचे हलले नाहीत, हे मी कुणाला सांगू?

आमच्या छपरावरची चारशेच्या वर कौलं गेली होती. गावात वीज नव्हती, फोन नव्हता, रस्त्यावर झाडं आडवी. कौलं मिळायची कुठून? मात्र आजोबा दरवर्षी पन्नासेक कौलं जास्तीची आणवून घरामागे रचून ठेवीत. त्या राशीला वडील अडगळ म्हणत. त्या अडगळीत पावणेदोनशे कौलं निघाली. मला वाटलं, आता मी आमच्या माजघरावर चढणार. आजोबा म्हणाले, "आधी काकींचं स्वयंपाकघर. आपल्याकडे ताडपत्री आहे, माणसं आहेत. तिच्याकडे कोण आहे?" आजीने तोवर आमच्या पापडांचे, मिठाचे, आमसुलांचे सरळ दोन वाटे घातले होते. कुणाला विचारलंही नाही.

आणि भिजलेले तांदूळ पसरायला जागा हवी म्हणून पडवीतली कणगी सरकवायची ठरली. मी आणि आजोबा दोघांनी ती धरली. कणगी बाजूला झाली आणि मागे तारेचं भेंडोळं होतं. निम्म्याहून थोडं कमी.

आजोबांनी ते उचललं. हातात फिरवून पाहिलं. किती तार आणली होती आणि तीन बाजूंना किती लागते हे त्यांना समजत नसेल असं मला वाटत नाही. ते माझ्याकडे पाहतील म्हणून मी खाली मान घातली. बऱ्याच वेळाने त्यांनी भेंडोळं माझ्या हातात दिलं.

"उरली वाटतं," ते म्हणाले. "काकींच्या वळचणीला लागेल. घेऊन जा."

त्या आठवड्यात मी काकींचं छप्पर शाकारलं. एकही कौल फोडलं नाही. पागोळ्या गळायला लागल्या तेव्हा त्यांच्या चुलीवर थेंबही पडत नव्हता. आमच्या माजघरात मात्र तो अख्खा आषाढ पातेली मांडलेली होती आणि वीज यायला महिना लोटला.

पुढे अकरावीत भूगोलाच्या पुस्तकात चक्रीवादळाची आकृती पाहिली. आपल्या गोलार्धात वादळाभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ नैऋत्येकडून येऊन आमच्या उत्तरेला किनाऱ्यावर चढलं. ते नैऋत्येला होतं तोवर आमच्याकडे वारा आग्नेयेचा, ते वर सरकलं तसा दक्षिणेचा, आणि शेवटी पश्चिमेचा. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा पत्र्याला वर ओढतो, आणि ती ओढ सर्वांत जास्त असते ती कडेला नि कोपऱ्यांना. बाणांची एवढीशी ती आकृती; पण मी तिच्याकडे तासभर बघत होतो. रद्द झालेला पेपर शेवटी मला द्यावा लागला होता, आणि मी नापास झालो होतो. आजोबांनी ती आकृती कधी पाहिलेली नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की कुठली बाजू लागेल ते आधी कळत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातून गुजरातकडे गेलं. वारा तेव्हाही झाला. त्या वर्षी मी करवंदीची जाळी आधी तोडली आणि पूर्वेची बाजू पहिली बांधली. आजोबांनी येऊन प्रत्येक पीळ बोटांनी चाचपून पाहिला. पत्रे जागचे हलले नाहीत. त्याच पावसात त्यांनी वाफ्यात केलेली पोफळीची रोपं लावली. "यांची सुपारी तुम्ही खाणार का आजोबा?" बहिणीने विचारलं होतं. "मी कुठे खातो? मला दात आहेत का?" ते म्हणाले. त्या पोफळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. ओटीवरून अजून समुद्र दिसतो, पण आता फटीफटीतून.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी दोन घरं शाकारतो. आमचं आणि काकींचं. काकी मजुरी म्हणून पापडांचा डबा देतात आणि आपल्या सुनेला सांगतात, "हा पोर किती गुणाचा!" दर वर्षी हे ऐकून मी कौलाकडे बघत राहतो.

घराची तयारी म्हणजे आपलं छप्पर, आपली कणगी, आपली माणसं एवढंच मला तेव्हा वाटे. पण वादळात आपण जे बांधायचं राहून जातं, ते उडून दुसऱ्याच्या चुलीवर पडतं. त्या सकाळी आजीने पदर खोचला नसता तर? हा प्रश्न आजही कधी कधी वसतिगृहाच्या खोलीत रात्री मला जागा करतो.

आमच्या वार्षिकाचा अंक सुट्टीच्या आधी हाती पडतो. तो मी यंदा घरी नेणार आहे. आजोबांना आता बारीक अक्षर दिसत नाही; छापील काही आलं की ते मलाच वाचायला सांगतात. शाकारणी झाली की एका संध्याकाळी ओटीवर बसून हा लेख मी त्यांना वाचून दाखवीन. काकींनाही बोलावणार आहे.